हॉलच्या मधली जागा

आगाशे सरांच्या बाहेरच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यात सरांखेरीज कुणी बसत नसे. तसा काही नियम नव्हता. पण खोली दहा बाय बाराची, समोरच्या भिंतीशी सरांनी जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्यांतून बनवलेले दोन स्पीकर, आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसता येईल अशी जागा काय ती तेवढीच. बाकीच्यांनी सतरंजीवर, दिवाणावर, नाहीतर उंबऱ्यावर टेकायचं. दर रविवारी सकाळी दहाला आठ-नऊ माणसं जमत. सर तबकडी लावण्याआधी दोन शब्द सांगत, गायक कुठे श्वास घेतो ते ऐका, तंबोरा डावीकडे आहे की उजवीकडे ते ओळखा. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, शिकवल्यावाचून त्याला राहवत नसे. गाणं संपलं की छापखानेवाले बाळासो सगळ्यांत आधी मान हलवून म्हणत, "सर, ऐकावं ते तुमच्याकडंच." हे वाक्य ऐकायला सर आठवडाभर थांबत, पण तसं त्यांनी कधी कबूल केलं नसतं.

एका रविवारी बाळासो आपल्याबरोबर हंबीररावांना घेऊन आले. हंबीरराव शिराळ्याकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गावाकडे उसाची शेती, आणि आता विश्रामबागेच्या पलीकडे नवा बंगला. दोन तास ते उंबऱ्यावर पाठ ताठ ठेवून बसले आणि उठताना म्हणाले, "गुरुजी, आमचा हॉल लय मोठा हाय. त्यात असलंच कायतरी वाजलं पायजे. कान तुमचा, बाकी समदं आमचं."

सरांना बरं वाटलं. शिकवायला नवा विद्यार्थी मिळाला, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हंबीररावांची जीप दारात उभी राहिली. साताऱ्यातला एक इंजिनियर कायमचा परदेशी निघाला होता आणि त्याला आपले विलायती स्पीकर विकायचे होते. साताऱ्याला पोचेपर्यंत सर हंबीररावांना समजावत होते की स्पीकर आकारावर घ्यायचा नसतो, मोठ्या आवाजावर तर मुळीच नाही. ओळखीचं गाणं न्यायचं, हळू लावायचं आणि गाणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो का ते बघायचं. त्यासाठी त्यांनी पिशवीतून आपली एक कॅसेट आणली होती. सकाळच्या तोडीची, शंभर वेळा ऐकलेली.

इंजिनियरच्या घरी ती कॅसेट लागली.

कमरेएवढ्या उंचीच्या त्या दोन काळसर पेट्यांच्या मधोमध, जिथे रिकामी भिंत होती, तिथे गायक येऊन बसला होता. त्याच्या मागे तंबोरे होते. एका जागी त्याने ओठ मिटून उघडले, तेही कळलं. ही कॅसेट सरांची होती, पण हे ओठ त्यांना घरी कधी ऐकू आले नव्हते. स्वतःच्या हातांनी रंधा मारून केलेल्या पेट्या त्यांना आठवल्या.

"घेऊ का गुरुजी?" हंबीररावांनी विचारलं.

नको म्हणणं सोपं होतं. जुने आहेत, सुटे भाग मिळणार नाहीत, काहीही चाललं असतं. पण गाणं अजून चालू होतं आणि ते चालू असताना सरांच्या तोंडून खोटं निघेना. "घ्या," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर हंबीरराव कराडला चहाला थांबले तेव्हा सर जीपमधून उतरलेच नाहीत. मागच्या बाजूला गोधड्यांत गुंडाळलेल्या दोन पेट्या होत्या, आणि मागे वळून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, चारुशीलाबाईंनी, कसे आहेत म्हणून विचारलं. सर म्हणाले, बरे आहेत, पण दिखाऊ. चारुशीलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

पेट्या मांडून द्यायचं कामही सरांकडेच आलं. शनिवारी ते बंगल्यावर गेले, तर हंबीररावांनी दोन्ही स्पीकर शोकेसवर चढवून ठेवले होते, मध्ये पदकं आणि पलटणीचा फोटो. सरांनी ते खाली उतरवायला लावले. हॉल चांगला तीस फूट लांब. सरांनी टाळी वाजवली, ती भिंतींवर आपटून परत आली. मग त्यांनी जड पडदे लावून घेतले, फरशीवर दोन जाजमं टाकायला सांगितली. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, तोंडं किंचित आत वळवली. सुतळीने मापं घेतली, एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर तेवढंच दोन्हींपासून ऐकणाऱ्यापर्यंत, आणि ती जागा जाजमावर खडूने फुली मारून दाखवली. हंबीररावांची पत्नी राहीबाई दारातून हे सगळं बघत होती. एकदा तिने विचारलं, "गुरुजी, फुली कशाला वं?" सर म्हणाले, वहिनी, इथे बसलं की सगळं दिसतं. ती म्हणाली, "ऐकायचं का बघायचं?" आणि हसून आत गेली.

तोवर काम मनापासून चाललं होतं. मग बाळासो आले. हॉलभर फिरून, गादीवर बसून, लोडाला टेकून त्यांनी पाहिलं आणि सहज म्हणाले, "सर, आता रविवार हितंच करूया की. तुमच्या खोलीत गुडघ्याला गुडघं लागतंय."

सर फक्त "बघू" म्हणाले. बाळासो आणि हंबीरराव उद्या कुणाकुणाला बोलवायचं ते बोलत व्हरांड्यात गेले. सर एकटे राहिले, हातात वायरीची टोकं घेऊन. प्रत्येक स्पीकरच्या पाठीमागे तार अडकवायची दोन पिळाची बटणं होती, एक लाल, एक काळं. लालला लाल, काळ्याला काळं. शाळेतलं पोरही चुकणार नाही. डाव्या स्पीकरला त्यांनी तसं जोडलं. उजव्यापाशी ते थोडा वेळ उकिडवे बसून राहिले, आणि मग लालची तार काळ्याला अन् काळ्याची लालला लावून बटणं घट्ट पिळली.

यात काही जळत नाही, तुटत नाही. दोन्ही पेट्या वाजतात. फक्त एक पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. गाण्याचा भरदारपणा निघून जातो आणि मधला माणूस नाहीसा होतो. चांगल्या कानाला हे लगेच कळतं, आणि आपल्या माणसांचे कान चांगले आहेत याची सरांना खात्री होती. उद्या सगळे ऐकतील, एकमेकांकडे बघतील आणि म्हणतील, काही म्हणा, सरांकडची गोष्ट वेगळी. दुसऱ्या कुणाला दोष जाणार नव्हता. विलायती वस्तूच पोकळ निघाली म्हणायचं.

रविवारी पंधरा माणसं जमली. गावाकडच्या बैठकीसारखी ती, स्पीकरची भिंत सोडून, बाकी तिन्ही भिंतींना पाठ लावून बसली. मधोमध जाजमावर कुणीच बसलं नाही, कारण भरल्या बैठकीत मध्ये जाऊन बसायचं कसं? खडूची फुली मोकळीच राहिली. सरही भिंतीशी बसले. तोडीची कॅसेट लागली.

सरांनी चेहरे बघायला सुरुवात केली. आवाज पसरट, बिनबुडाचा येत होता, त्यांना तर बसवेना. आता कुणीतरी कपाळाला आठी घालेल, आता कुणीतरी मान वळवेल. पण माना डुलत होत्या. चिवड्याच्या बशा फिरत होत्या. पहिली बाजू संपली तेव्हा बाळासो गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "सर, खरं सांगू? आज पहिल्यांदा ऐकलं म्हणायचं."

ज्या वाक्यासाठी सर आठवडाभर थांबायचे, ते आज त्या मोडक्या आवाजाला मिळालं होतं. इतक्या वर्षांच्या रविवारांत यांनी नेमकं काय ऐकलं? हंबीरराव मिशीतून हसत होते. तो हॉल, ते पडदे, लोकांच्या तोंडावरचं ते समाधान, सगळ्याचा सरांना इतका हेवा वाटला की हातातली बशी त्यांनी खाली ठेवून दिली.

दुसरी बाजू सुरू झाली आणि राहीबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली. पलीकडच्या भिंतीपाशी आधी द्यायचा म्हणून ती हॉल मधूनच ओलांडू लागली, आणि बरोबर फुलीवर थांबली. कप हिंदकळले असतील असं लोकांना वाटलं. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आवं, ह्यो गाणारा बसलाय कुठं?" ती म्हणाली.

हंबीरराव म्हणाले, "मशिनीत."

"तसं न्हाई. कडंला हुबं ऱ्हायलं की वाजतंय. हितं मधी आलं की कोनच न्हाई. नुसतं डोक्याभवती भिरभिरतंय."

सगळा हॉल हसला. बाळासो म्हणाले, वहिनी, चहा निवतोय. राहीबाईचा चेहरा उतरला आणि ती ट्रे घेऊन पुढे निघाली.

सर बसून राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण तीस वर्षांत एक गोष्ट त्यांनी वर्गात कधी चालू दिली नव्हती. बरोबर उत्तर देणाऱ्याला कुणी हसलं, तर ते हातातला खडू खाली ठेवत आणि हसणाऱ्यांना उभं करत. ते उठले.

"वहिनी बरोबर बोलताहेत," ते म्हणाले. "चूक तुमची आहे सगळ्यांची. आणि माझी."

त्यांनी टेप बंद केला. सर राहीबाईकडे वळले आणि विचारलं, दोघीजणी गोधडी झटकता तेव्हा हात कसे जातात?

"एकदम वर, एकदम खाली," ती म्हणाली.

"एकीचा वर आणि दुसरीचा त्याच वेळी खाली गेला तर?"

तिने क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं. "मग मधी काय हलायचंच न्हाई. कडाच तेवढ्या उडतील."

"तेच झालंय," सर म्हणाले. उजव्या स्पीकरमागे बसून त्यांनी बटणं सैल केली, तारा बदलल्या आणि तीच तोडी पहिल्यापासून लावली. राहीबाईला त्यांनी पुन्हा फुलीवर उभं राहायला सांगितलं. ती संकोचली, मग ट्रे बाळासोंच्या हातात देऊन उभी राहिली.

"बसला," ती हळूच म्हणाली आणि रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं. "त्यो बघा, तिथं."

मग एकेक जण भिंत सोडून तिच्या मागे येऊन उभा राहू लागला. बाळासो हातात ट्रे घेऊन आले.

हंबीरराव तेवढे जागचे हलले नव्हते. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "गुरुजी, तार उलटी लावली कुणी?"

"मी."

"चुकून?"

चुकून म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं. साठी उलटलेल्या माणसाची नजर, अंधारा कोपरा. सरांनी चष्मा काढला, पुसला.

"नाही," ते म्हणाले. "रविवार इकडे येणार म्हटलं, तेव्हा माझ्याच्याने बघवलं नाही."

हंबीररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जाजमावरच्या फुलीकडे. "चहा घ्या," ते शेवटी म्हणाले. "गार झालाय, पर घ्या."

पुढच्या रविवारी सरांनी सतरंजी अंथरली नाही. इतकं झाल्यावर कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. चारुशीलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं होतं, हेही सांगितलं होतं की ते स्पीकर मुळीच दिखाऊ नाहीत. त्या म्हणाल्या, मला त्याच दिवशी कळलं होतं.

पावणेदहाला जीप थांबली. हंबीरराव जीपमध्येच बसून राहिले. राहीबाई लाडवांचा डबा घेऊन आत आली आणि म्हणाली, "गुरुजी, तीच कॅसेट तुमच्या पेट्यांवर ऐकायची हाय. फरक कळला पायजे की."

ती खाली बसायला जागा शोधू लागली. सरांनी वेताची खुर्ची पुढे केली आणि स्वतः दाराशी, भिंतीला टेकून उभे राहिले. तिथून नीट ऐकू येत नसे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. राहीबाई डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकत राहिली. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, एखाद्या पोराचा पेपर लिहून व्हायची वाट बघावी तसे.

कॅसेट थांबली. तिने डोळे उघडले.

"आमचं बरं हाय, गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्याकडं त्याचं ओठ ऐकू येत न्हाईत."

सरांनी आपल्या सागवानी पेट्यांकडे एकदा पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि कॅसेटची बाजू उलटायला गेले.