आडवा कर्ण

खोडरबराचा एक करडा कण आकृतीच्या वरच्या टोकाला अडकून बसला होता आणि त्याच्याखाली काटकोनाची ती इवलीशी चौकोनी खूण जवळजवळ झाकली गेली होती... फुंकर मारली असती तर उडाला असता. पण ताई वहीवर वाकलेली होती, आणि या घटकेला फुंकर मारणं हेही तिला काहीतरी सांगणंच झालं असतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. त्रिकोण नेहमीसारखा पायावर उभा नव्हता. त्याचा कर्ण तळाशी आडवा पसरला होता – चार सेंटिमीटर; वर चढणारी एक बाजू तीन; दुसरी शोधायची. ताईने क्षणभरही न थांबता तिथे पाच लिहिलं.

"बघ. दहा सेकंद," ती म्हणाली. "आणि म्हणे चौतिसाव्या वर्षी डोकं चालत नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हणालास. बरोबर आहे ना पण?"

पुस्तक जुन्या बाजारातलं होतं. शेवटची उत्तरांची पानं आधीच्या मालकाने फाडून नेलेली. त्यामुळे या घरात उत्तर म्हणजे मीच... "चहा निवतोय तुझा," तो म्हणाला.

कचेरीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. आजकाल तो संपता संपत नसे. सातचं वर्गमूळ – तीनाहून लहान, नीट मोजताही न येणारी एक तोकडी बाजू – एवढंच सांगायचं होतं. आधी काटकोन कुठे आहे ते बघ ताई, मग आकडे. शाळेतला कुठलाही मास्तर हे सांगतो. यात गुपित ते काय? पण मास्तराने तिच्या परीक्षेतला असाच प्रश्न काढलेला नसतो.

त्याचं काम चुकीची उत्तरं लिहिण्याचं होतं. परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तर गणितच देतं, उरलेली तीन त्याने द्यायची. तीही उगाच देता येत नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक माणूस असावा लागतो, घाईतला, घाबरलेला किंवा फार खात्री असलेला. जो पर्याय कुणीच निवडत नाही त्याला कचेरीत 'मेलेला' म्हणत. त्याचे पर्याय क्वचितच मरत. सतराव्या प्रश्नात आडवा कर्ण आठ होता, एक बाजू सहा, आणि 'ब' पर्यायात दहा. पूर्वचाचणीत शंभरातले चाळीस जण 'ब'वर गेले होते.

जवळचं कोणीही या परीक्षेला बसणार नाही, अशा कागदावर त्याने सही केली तेव्हा ते खरंच होतं. तीन आठवड्यांनी ताईने दारातूनच, चप्पल काढता काढता सांगितलं, की तिने अर्ज भरला आहे. वयाच्या अटीत बसणारं हे शेवटचं वर्ष. अकरा वर्षं ती दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी राहून दुसऱ्यांची नावं लिहीत होती. पास झाली तर आतल्या खोलीत टेबल मिळणार होतं, खुर्चीसकट. खुर्ची म्हणताना ती हसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. त्याच दिवशी कचेरीतल्या वरिष्ठ बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्याचे सगळे प्रश्न बाद झाले असते, कदाचित तोही. तो गप्प राहिला. आणि त्या गप्प राहण्याची भरपाई म्हणून ताईलाही काही शिकवायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. एका गप्पपणावर दुसरा गप्पपणा रचत गेलो... याला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो.

"सतरावा फारच छान चाललाय," शेवटची प्रत चाळत बाई म्हणाल्या. विभाग त्यांच्याच हाताखाली होता. "इतकी माणसं एकाच खड्ड्यात. कसं सुचतं हो तुम्हाला?"

"त्यांच्या चेहऱ्यावर जाऊ नका, बाई," आकृत्या काढणारा चित्रकार मान वर न करता म्हणाला. "आतून कसाई आहेत ते."

तोही हसला. हसताना आपले गाल दुखतात, हे त्याला अलीकडेच कळू लागलं होतं.

कसं सुचतं? तो टेबलापाशी येऊन बसला, आणि ते त्याच्या समोर आलं – इतकं सहज, की आजवर ते दिसलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं. शाळेची घाई, पायरीवर बसलेला तो, पुढ्यात वाकून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधणारी ताई, आणि प्रत्येक गाठीबरोबर तिचं म्हणवून घेणं: तीन-चार-पाच... सहा-आठ-दहा... पाच-बारा-तेरा. हे पाठ असलं की कोणी अडवणार नाही तुला, ती म्हणायची. अडवलं नाहीच कुणी. त्या तीन ओळींवर तो शाळा ओलांडून गेला. सतरावा प्रश्न लिहिताना आपण कुणा अनोळखी उमेदवाराची कल्पना करतो आहोत, असं त्याला वाटलं होतं. पण आठ आणि सहा दिसताच न थांबता दहाकडे जाणारा तो हात अनोळखी नव्हता. मी तिचाच हात पाहून लिहिलं होतं. तिची खात्री, तिचा वेग... जे तिने मला दिलं त्यातूनच.

संध्याकाळी ताई पाय पाटावर ठेवून बसली होती, मांडीवर तेच पुस्तक.

"तू मला काही शिकवत का नाहीस रे?" ती म्हणाली. "लहानपणी मी फुकटात शिकवलं. तुझी फी फार आहे का?"

"परीक्षा झाली की सांगेन."

शब्द बाहेर पडले तेव्हा ते किती उघडे होते हे त्याला दिसलं. ताईची पेन्सिल थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं – रागाने नाही, एखाद्या रांगेतल्या माणसाचा कागद अपुरा आहे हे खिडकीतून कळावं तसं.

"म्हणजे तुमच्याकडेच आहे ती," ती म्हणाली.

त्याने चेहरा भिंतीकडे वळवला.

"मग नको सांगूस. एक शब्द नको." तिने पान उलटलं. "आणि चेहरा नीट कर. तुझ्या चेहऱ्यावरून मला अर्धा पेपर कळेल."

आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की तिने अजून एकदा विचारावं... एकदाच. ती विचारणार नव्हती. ती पुढच्या गणिताकडे वळली आणि थांबली. त्याच्या पुढच्यापाशीही थांबली. सांगण्यासारखं काही आहे, एवढं तिला कळलं होतं. अकरा वर्षं न अडखळलेला तो हात प्रत्येक त्रिकोणावर आता अधांतरी राहत होता. या थांबण्यात तिला काटकोन दिसेल, की पेपरातला वेळ नुसता गळून जाईल? आपण तिला काय देऊन बसलो, किंवा तिच्याकडून काय काढून घेतलं, हे त्याला ठरवता येईना. सकाळपासूनचं ओझं मात्र आता त्याच्या एकट्याचं उरलं नव्हतं. खोलीत दोघे होते आणि दोघेही न बोलता, आपापल्या बाजूने, ते उचलून धरत होते.