हात वर केलेला माणूस

प्लास्टरबाईचं आणि तिच्या नणंदेचं लग्नाच्या दिवसापासून वाकडं. प्लास्टरबाई हे नाव तिला हॉस्पिटलात पडलं होतं. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालण्यात तिची बारा वर्षं गेली होती. त्या रविवारी दुपारी नणंद आली आणि चप्पल काढायच्या आधीच भाचीच्या हातात नव्या गेमची डिस्क ठेवून मोकळी झाली. वेष्टनावर बंदूक, धूर आणि कोपऱ्यात ठळक अठराचा आकडा. लेक अकराची.

"ताई, विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग कशाला तोंडाची वाफ दवडू?" नणंद सोफ्यावर ऐसपैस बसली. "दिवसभर मोडकी हाडं बघून तुझं डोकं फिरलंय. हिच्या वर्गातली सगळी पोरं खेळतात. हिला काय जन्मभर बाहुल्या देणार आहेस?"

प्लास्टरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो सफरचंद सोलत होता, तो सोलतच राहिला. "मला मध्ये ओढू नका."

"आई, तू तो गेम बघितलेलाही नाहीस," लेक म्हणाली. "न बघताच नाही म्हणतेस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. "लाव," प्लास्टरबाई म्हणाली. "मीच खेळते."

पहिली पाच मिनिटं तिची नुसती फजिती झाली. ती भिंतीवर आपटली, जिन्यावरून पडली, दोनदा मेली. नणंद खो खो हसत होती. मग लेक शेजारी सरकली आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवू लागली. बाईचा हात बसला. पडद्यावरचा एक शत्रू पडला, दुसरा पडला. नणंदेचं हसू कानात होतंच. तिसऱ्याला तिने जरा जोरातच उडवलं.

पुढच्या खोलीत एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. हात वर. बंदूक बाजूला टाकलेली.

"याला मार," लेक म्हणाली. "जास्त गुण मिळतात."

"अगं, तो शरण आलाय."

"म्हणून तर सोपं आहे."

लेकीचा आवाज कसा अगदी साधा होता. प्लास्टरबाई थांबली, निदान थांबावं असं तिला वाटलं, पण अंगठा तोवर दाबला गेला होता. माणूस कोसळला, आकडे चमकले आणि तिच्या तोंडून हसू फुटलं.

पुढच्या क्षणी तिने डिस्क बाहेर काढली आणि नणंदेच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा."

"तू पण मारलंस!" लेक किंचाळली. "आणि हसलीस पण!"

"हो. चाळिशीच्या बाईला एवढ्यात मजा वाटायला लागली. तुला नाही खेळू देणार."

"ढोंगी आहेस तू!" आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

नणंद उठली. "या घरात परत पाऊल ठेवणार नाही."

"ठेवू नका. आणि तुमच्या घरीही हिला हा गेम द्यायचा नाही, नाहीतर तीही येणार नाही."

नणंदेने भावाकडे पाहिलं. भावाने सफरचंदाकडे पाहिलं. ती पाय आपटत गेली.

तीन आठवडे लेक आईशी एक शब्द बोलली नाही. मीठ हवं असलं तरी बाबांकरवी मागायची. सहलीच्या कागदावर आईची सही लागत होती, तर तो तिने मुकाट्याने टेबलावर सरकवला. प्लास्टरबाईने सही केली आणि पेन ठेवता ठेवता विचारलं, "अजून राग आहे?"

"खूप," लेक म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली, आणि कामावर निघून गेली.