डीनसाहेबांचे दोन शब्द

पोसो रालो गावच्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिकचं विष आहे, हे दाखवणारा लेख विद्यापीठातल्या एदेलमिरा आबालोसने लिहिला तेव्हा एका परदेशी नियतकालिकाने तो मागितला होता. तिने दिला नाही. तिथे वाचायलाही पैसे पडतात, आणि आपल्याच विहिरीत काय आहे हे वाचायला आपल्या माणसांनी डॉलर का मोजावेत? तिने तो आपल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन अंकात छापला. तिथे सगळं फुकट, सगळ्यांना खुलं. गावातल्या रामोनाबाईंना तिने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आता हे सारं जग वाचेल. रामोनाबाईंच्या तळहातांवर त्या पाण्याने कडक गाठी उठल्या होत्या. तपासणीसाठी मागितलं तेव्हा त्यांनी विहिरीचं पाणी, केस, नखं, सगळं काढून दिलं होतं.

यंदा प्रांत सरकारने नळ टाकायचे ठरवले. मात्र ज्या गावाबद्दल छापील संशोधन असेल, तेच गाव यादीत घ्यायचं होतं. एदेलमिरा निर्धास्त होती. एक दिवस, यादी करणाऱ्या पाणी मंडळातल्या लिसांद्रो नावाच्या इंजिनियरचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या गावावर काहीच सापडत नाही हो. नाना तऱ्हेने शोधलं. तुमच्या विद्यापीठाचं म्हणून एकच हाती लागलं, ते तुमच्या डीनचं भाषण."

"लेख त्याच्याच आत आहे."

"भाषणाच्या आत?"

तिने स्वतः शोधून पाहिलं. अख्खा अंक एकाच फाइलमध्ये कोंबलेला होता, तोही पानांचे फोटो काढून. मशीनला आतलं अक्षर वाचता येत नव्हतं. वर नाव होतं, 'डीनांचे दोन शब्द', लेखक फर्मिन लेदेस्मा. दोन शब्द म्हणे, आणि पानं अकरा! लेख फुकट होता, खुला होता, फक्त कुणाला दिसत नव्हता.

तिने लिसांद्रोला फाइलचा पत्ता आणि पान क्रमांक पाठवला आणि तडक डीनच्या खोलीत गेली. फर्मिन तिचा कॉलेजातला सोबती. तो येर्बाच्या पानांचा कडू चहा नळीने ओढत आपल्या कुलगुरूपदाच्या निवडणुकीची पत्रकं चाळत होता.

"प्रत्येक लेख सुटा कर, फर्मिन. त्याचं त्याचं नाव, लेखक, गाव वर लिही. दोन दिवसांचं काम आहे."

"अगं, अंक म्हणजे एक घर असतं. घराला दार एकच बरं."

"त्या दारात तू उभा आहेस. आत कोणाला शिरताच येत नाही."

तो हसला. "निवडणूक होऊ दे. मग हवी तेवढी दारं उघड."

तिने दोन-तीनदा खेटे घातले, विनवलं, भांडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. लेख छापून आला म्हणजे पोचला, असं समजून ती इतकी वर्षं बसून राहिली होती.

यादी लागायच्या आठवड्यात फर्मिन आपण होऊन तिच्या प्रयोगशाळेत आला. स्वारी खुशीत होती.

"तुझा लेख सापडला बरं का त्यांना! मंडळाने मलाच बोलावलं होतं, तज्ज्ञ म्हणून."

"तुला?"

"वर माझं नाव आहे ना. आता भर बैठकीत कुठे खुलासा करत बसू? विषयाचं भलं झालं की झालं. आर्सेनिक आहे, हे त्यांनी एका फटक्यात मान्य केलं."

"आणि पोसो रालो?"

फर्मिनने मान खाजवली. "पहिलं गाव कोणतं घ्यायचं, असं त्यांनी विचारलं. तुझा लेख काही मी शेवटपर्यंत वाचलेला नाही गं. माझ्या माहितीतली विहीर एकच, आमच्या आजोळची. तेच नाव सांगितलं. यंदा पैसा एकाच गावापुरता आहे म्हणे."

एदेलमिराने लिसांद्रोला फोन केला. तो ओशाळला. तिने पाठवलेला पत्ता त्यानेच वर धाडला होता, आणि वरच्यांनी आतलं न वाचता पहिलं नाव पाहून लेखक ठरवला होता आणि त्याने सांगितलेलं गावच लेखातलं धरलं होतं. यादीवर सही झाली होती.

दुसऱ्या दिवशी बस धरून ती पोसो रालोला गेली. गावाने हे तिच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. रामोनाबाई अंगणात कपडे धूत होत्या. एदेलमिराने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे तुमचं लिहिलेलं त्यांना सापडलं?" रामोनाबाईंनी विचारलं.

"सापडलं."

"आम्हीच तेवढे सापडलो नाही म्हणायचं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच एदेलमिराला सोसवेना. रामोनाबाईंनी हात पुसले, ताजं पाणी काढायला बादली विहिरीत सोडली आणि पाहुणीला म्हणाल्या, "बसा बाई. उन्हातून आलात."