मी मोजलं मळेखारचं पाणी

मला बोलायला पाणी लागतं. पाण्यात बुडवा, बटण दाबा, की माझ्या इवल्याशा काचेवर एक आकडा उमटतो. पाण्यात क्षार किती आहेत, एवढंच मला सांगता येतं. मी क्षारमापक. मुठीत मावेल एवढं पिवळं अंग आणि खाली धातूच्या दोन पट्ट्यांचं टोक. सोळा वर्षं नुसते आकडे सांगत आलो. माणसांसारखं सलग बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

रत्नागिरीत विद्यापीठाच्या पर्यावरण अभ्यास विभागात मी आलो, तेव्हा विभागही माझ्यासारखाच कोरा होता. दोन खोल्या, एक बेसिन आणि आठ विद्यार्थी. माझं खोकं फोडलं ते त्या आठांतल्या गुरुप्रसादनं. मला गळ्यात अडकवून तो जयगडपासून दाभोळपर्यंत खाड्या हिंडला. होडीच्या काठावर पालथा पडून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून तो मला धरायचा. एकच आकडा तीनदा घ्यायचा. त्याच्या प्रबंधाला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. विभागाच्या दाराशी यशस्वी विद्यार्थ्यांचा फलक लागला आणि त्यावरचं पहिलं नाव गुरुप्रसादचं झालं.

पुढे नावं वाढत गेली. कुणी वनखात्यात गेलं, कुणी बंदरावर पर्यावरण अधिकारी झालं, एक मुलगी समुद्रविज्ञान शिकायला परदेशी गेली. प्रत्येक नवं नाव विभागप्रमुख उर्वी मॅडम स्वतः स्टुलावर चढून रंगवायच्या. मी मात्र कपाटात मागे मागे सरकत गेलो. कोरोनाच्या काळात तर कपाट उघडलंच नाही. माझी बॅटरी पाझरली, टोक सुकून पांढरं पडलं. आपण आता कचऱ्यात जाणार, हे मी धरून चाललो होतो.

त्या कपाटातून मला बाहेर काढलं दीपालीनं.

दीपाली जयगडच्या खाडीच्या आत असलेल्या मळेखारची. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं माझं टोक दोन दिवस भिजवलं, मऊ ब्रशनं साफ केलं, नवी बॅटरी घातली. विभागात याहून चांगलं यंत्र होतं, पण ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती. दीपालीला तर दर पंधरा दिवसांनी पाणी मोजायचं होतं, ते स्वतःच्या वाडीतल्या विहिरीचं.

मळेखारात शाळेमागे एक जुनी विहीर आहे. सगळी वाडी तिचंच पाणी पिते. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर पाच वर्षांपूर्वी कोळंबीचे तलाव खणले गेले. खाडीचं खारं पाणी त्यांत बारा महिने भरलेलं असतं. प्रकल्पावर वाडीतली अकरा माणसं कामाला होती. त्यांत दीपालीचे बाबा, रघू, तलावांवर राखणीला होते.

सप्टेंबरात मी विहिरीत पहिल्यांदा उतरलो, तेव्हा आकडा आला चारशे वीस. गोडं पाणी. जानेवारीत नऊशे. एप्रिलमध्ये दोन हजार सहाशे. मे लागला आणि मी तीन हजार चारशे दाखवले. एवढ्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही.

"माझा चहा रोज फाटतो, ता काय मी उगाच सांगत होतंय?" विहिरीवर हंडा टेकवून कमळाकाकू म्हणाली. शाळेत पोरांचं जेवण रांधणारी ही बाई दोन वर्षं हेच सांगत होती, पण चहा फाटतो हे कुठल्या अहवालात बसत नव्हतं.

दीपालीच्या या अभ्यासाला विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. विभागात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, त्यात तिचा आलेख भिंतीवर लागला आणि आलेखाखालच्या टेबलावर मी. सत्काराला आले होते गुरुप्रसाद. आता त्यांना सगळे सर म्हणत. पुण्यात त्यांची सल्लागार संस्था होती, हाताखाली पंधरा माणसं. त्यांनी मला उचललं आणि ओळखीचं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"अजून चालतोय हा?"

मग त्यांनी आलेख वाचला. माझ्यावरची त्यांची पकड घट्ट झाली. मळेखारचे तलाव कंपनीला दुपटीनं वाढवायचे होते आणि त्याआधी वाडीत जनसुनावणी होणार होती. त्यासाठी लागणारा पर्यावरण अहवाल त्यांच्याच संस्थेनं केला होता, आणि त्यात शाळेमागच्या विहिरीपुढे लिहिलं होतं, परिणाम नाही.

"हे तू जनसुनावणीत मांडणार आहेस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मांडावं म्हणते, सर."

"यंत्र जुनं आहे दीपाली. तिथं कंपनीचे वकील असतील. पहिला प्रश्न यंत्रावर येईल आणि तुझं हसं होईल. बक्षीस मिळालंय, नोकरीला लाग. माझ्याकडेसुद्धा जागा आहे."

ते धमकावत नव्हते. काळजीनंच बोलत होते, आणि त्यामुळेच दीपाली आलेखावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागली. खरं सांगायचं तर मलाही धसका बसला. चार वर्षं सुकलेलं टोक माझं. मी चुकत नसेन कशावरून?

उर्वी मॅडमनी सगळं ऐकलं होतं. गुरुप्रसाद त्यांचा लाडका विद्यार्थी. त्यांनी दीपालीला एवढंच सांगितलं, "आकडा तुझा आहे. मांडायचा की नाही ते तू ठरव. मांडणार असशील तर प्रमाण द्रावणाची नवी सीलबंद बाटली मी मागवून देते." प्रमाण द्रावण म्हणजे ज्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक असतो असं पाणी. त्यात बुडवलं की मी चौदाशे तेरा दाखवायला हवेत. कमी-जास्त दाखवले तर खोट माझ्यात.

घरी रघूला कळलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं हात थांबवला.

"तू उभी ऱ्हायलीस की माझा काम गेला, येवढा तुला कळतंय ना?"

"कळतंय बाबा."

"मग?"

"विहीर खारट झाली की आई गोड्या पाण्याला खालच्या वाडीत जाते. रोज दोन खेपा. तेही तुम्हाला दिसतंय ना?"

दीपालीची आई तुळसा चुलीपाशी होती. तिनं रिकामा हंडा दाराशी नेऊन ठेवला. रघूनं ताट तसंच सारलं आणि तो कामावर गेला. पुढचे आठ दिवस बापलेकीत बोलणं नव्हतं.

जनसुनावणी शाळेच्या अंगणात होती. मे महिन्यातले सकाळचे अकरा, डोक्यावर पत्र्याचा मांडव. समोर जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, एका बाजूला प्रकल्पाचे व्यवस्थापक आणि गुरुप्रसाद, दुसऱ्या बाजूला वाडी. पण वाडीही एक नव्हती. कामावरची अकरा माणसं प्रकल्पाच्या बाजूला उभी होती. त्यांत निळ्या गणवेशात रघू. दीपालीनं मला रुमालात गुंडाळून मुठीत धरलं होतं. तिच्या हाताचा घाम मला लागत होता.

तिनं आकडे वाचले. व्यवस्थापक उठले.

"मॅडम, तज्ज्ञांचा अहवाल आपल्यासमोर आहे. आणि ही मुलगी कपाटातलं भंगार घेऊन आली आहे. घरातलं काही भांडण असेल तर ते इथे कशाला?"

कामावरच्या माणसांत कुणीतरी हसलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. "विहीर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या मागे."

"मग भांडायचं कशाला? आत्ता मोजू. गुरुप्रसाद, तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्हीच मोजा. दुसऱ्या कुणी यंत्राला हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही."

सगळी माणसं विहिरीवर लोटली. गुरुप्रसाद सरांनी दीपालीनं आणलेल्या प्रमाण द्रावणाच्या बाटलीचं सील सगळ्यांसमोर तोडलं, द्रावण ग्लासात ओतलं आणि मला आत सोडलं. मी जीव एकवटला. काचेवर आकडा आला.

अकराशे ऐंशी.

"बघा!" व्यवस्थापक ओरडले. "यंत्र खोटं बोलतंय. लिहून घ्या मॅडम."

मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या दोन पट्ट्यांमध्ये हवेचा एक बुडबुडा अडकला होता. तो अडकला की मला पाणी पुरतं लागत नाही आणि आकडा पडतो. दीपालीला हे ठाऊक होतं. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. बोलावं तर नियम मोडला, न बोलावं तर सगळं गेलं. आणि तिच्याइतकंच हे ठाऊक असलेला दुसरा माणूस मला हातात धरून उभा होता.

गुरुप्रसाद सर काचेकडे बघत राहिले. त्यांनी मला नुसतं ग्लासातून उचललं असतं, तरी तिथेच सगळं संपलं असतं. कुणी त्यांना दोष दिला नसता.

मग त्यांनी मला ग्लासातच हलकेच हलवलं आणि अंगठ्यानं पाठीवर टिचकी मारली. बुडबुडा सुटून वर आला.

चौदाशे तेरा.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "पाणी काढा."

पाणी काढायला कुणी पुढे येईना. प्रकल्पाची माणसं हलली नाहीत आणि वाडीची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा रघू गर्दीतून पुढे आला. त्यानं दोर हातात घेतला, पोहरा सोडला, भरला आणि वर ओढला. लेकीकडे त्यानं पाहिलं नाही. पोहरा कट्ट्यावर ठेवला आणि तिथेच तिच्या शेजारी उभा राहिला.

मी पाण्यात उतरलो. तीन हजार पाचशे दहा.

अधिकारी बाईंनी आकडा स्वतः वाचून लिहिला. "तुमचा अहवाल मग काय सांगतो?" त्यांनी गुरुप्रसाद सरांना विचारलं.

"आमचा नमुना सप्टेंबरचा आहे," ते म्हणाले. "पावसानं विहीर भरलेली असते तेव्हाचा. उन्हाळ्यातला नमुना घ्यायला हवा होता, हे मला माहीत होतं. मी घेतला नाही. माझा अहवाल पुरा नाही, असं लिहून घ्या."

व्यवस्थापक काहीतरी बोलत होते, पण ते कुणाच्या कानावर पडलं नाही. कमळाकाकूनं पदर डोळ्यांना लावला होता. "माझा चहा," एवढंच ती म्हणत होती.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. तलावांची वाढ थांबली, वर्षभराच्या मोजणीशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही असा आदेश आला. पण जुने तलाव आहेत तिथेच आहेत. विहीर अजून उन्हाळ्यात खारट होते आणि मार्चपासून टँकर येतो. रघूला दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरूनच परत पाठवलं. तो आता मिळेल तेव्हा बागांत मजुरीला जातो. कामावरच्या दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते अजून सुरू झालेलं नाही. रघू आणि दीपाली मात्र बोलू लागली.

गुरुप्रसाद सरांच्या हातून ते काम गेलं आणि पाठोपाठ आणखीही दोन गेली. त्यांनी उर्वी मॅडमना फोन केला, "माझं नाव फलकावरून काढा." मॅडम म्हणाल्या, "नाव पुसायला मला दोन मिनिटं लागतील. त्यापेक्षा जुलैत नवी मुलं येतील तेव्हा ये, आणि तू सप्टेंबरात नमुना का घेतलास ते त्यांना सांग."

ते आले. बावीस मुलांसमोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मी टेबलावर होतो. त्या खोलीत मी पुष्कळ सत्कार पाहिलेत, पण मुलं वह्या काढून लिहून घेताना पहिल्यांदाच पाहिली.

दीपाली आता भूजलावर संशोधन करायला बाहेरगावी गेली आहे. जाताना तिनं उर्वी मॅडमना विचारून मला मळेखारात कमळाकाकूच्या हवाली केलं. काकूला अक्षरं फारशी लागत नाहीत, पण आकडे पक्के येतात. दर रविवारी ती मला विहिरीत सोडते, आकडा दोनदा बघते आणि वहीत लिहिते. वर्षभराची मोजणी अशी पुरी होत आली आहे.

माझं टोक मात्र आता झिजलंय. प्रमाण द्रावणात कधी चौदाशे दहा येतात, कधी चौदाशे पाच. अजून चालण्यासारखं आहे, पण मला माझा उतार कळतो. म्हणून एक मागणं. ज्या दिवशी मी त्या द्रावणात चुकेन, त्या दिवशी मला माफ करू नका. जुना आहे, बिचाऱ्यानं मोठं काम केलं, असं म्हणून माझा आकडा वहीत उतरवून घेऊ नका. मला पुसा, बाजूला ठेवा आणि नवा आणा. लोक ते पाणी पितात.