जुन्यांची भिंत

धोंडिबाला पहिली थोबाडीत मी मारली. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जो तो म्हणायला लागला की मुकेशने मारलं, किसनने मारलं, गर्दीत कुणाचा हात लागला ते कळलंच नाही. कळलं कसं नाही? पहिला हात माझा होता. माझी पाची बोटं त्याच्या गालावर उमटली आणि तो माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा होता.

साल २००७. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या कारखान्याखाली, तळघरात, आमचा सायबर कॅफे होता. वर शिलाई मशीनं धडधडायची आणि खाली आम्ही माणसं मारायचो. बारा कॉम्प्युटर, दोन पंखे, त्यातला एक बंद. मी अंबरनाथहून, शिवमंदिराजवळच्या आमच्या चाळीतून, सायकल हाणत यायचो. घरी क्लासला जातो म्हणून सांगितलेलं. आमच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं, आई डोळे मिटून म्हणते, प्राणिमात्रांची हिंसा करणार नाही. तिचा मुलगा धम्मदीप दुपारी कॉम्प्युटरवर 'कर्दनकाळ' या नावाने शंभर-दीडशे मुडदे पाडून येतो, हे तिला कधी कळलं नाही.

गेम साधाच होता. दोन टोळ्या, हातात बंदुका, समोर दिसेल त्याला उडवायचं. डोक्यात गोळी बसली की एका गोळीत खेळ खलास, भिंतीवर लाल शिंतोडे. आधी आम्ही आपापसातच खेळायचो, मग कॅफेच्या सेठने चांगलं कनेक्शन घेतलं आणि आम्ही ऑनलाइन घाटकोपरच्या, पुण्याच्या पोरांना मारायला लागलो. मुकेश आमचा कॅप्टन. तोंडात शिवी, माउसवर सोन्याची अंगठी घातलेला हात. त्याचा नेम खरोखरच जबरदस्त होता.

कॅफेत पाण्याच्या कूलरशेजारी एक भिंत होती. तिच्यावर काळ्या मार्करने अकरा नावं लिहिलेली. हे जुने. ज्याचं नाव भिंतीवर नाही तो नवीन, आणि नवीनला नावाने हाक मारायची नाही, 'ए नवीन' म्हणायचं. नवीन भोपळा घेऊन मेला की प्रत्येकाने त्याच्या डोक्यात एक टपली हाणायची. त्याला आम्ही सलामी म्हणायचो. नवीनने ज्या दिवशी मुकेशला मारलं, त्या दिवशी तो जुना. मुकेश स्वतः मार्कर घेऊन त्याचं नाव लिहायचा. माझं नाव वरून दुसरं होतं, किसनचं सगळ्यांत खाली.

त्या वर्षी नवीन पोरांचा नुसता सुळसुळाट झाला. दहावी-बारावीतली पोरं, बोटं विजेसारखी चालायची आणि तोंड त्याहून जोरात. हरायला लागली की अर्ध्यातून उठून जायची. कुणी मारलं की 'हॅक है, हॅक है' करून ओरडायची. सलामी दिली की डोळे वटारायची. माझा संताप व्हायचा. पण खरं सांगायचं तर संतापापेक्षा भीती मोठी होती. ती पोरं मला मारत होती. कर्दनकाळला! भिंतीवरून नाव पुसत नाहीत, पण लोक हसायला लागले की नाव असून काय उपयोग?

म्हणून मी बॉट लावला. बदलापूरच्या एका मित्राने पेनड्राइव्हवर दिला होता. चार नंबरचं मशीन माझं ठरलेलं होतं, त्यावर एका फोल्डरमध्ये दडवला. एफ-नाइन दाबलं की बॉट चालू. मग माउस फक्त धरून बसायचं, नेम आपोआप समोरच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, भिंतीआड असला तरी. परत दाबलं की बंद. चार महिने मी असा खेळलो. कुणाला कळलं नाही. उलट मुकेश म्हणायचा, "धम्मा, तेरा हाथ तो खुल गया रे."

या सगळ्यात धोंडिबा आला. समोरच्या सोनाराच्या पेढीचा वॉचमन. चाळिशी ओलांडलेला, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, मिशीला कडक पीळ. अकरा वर्षं तो दुनळी बंदूक खांद्याला लावून पेढीच्या दारात उभा होता आणि अकरा वर्षांत त्याने एकही गोळी झाडली नव्हती. दसऱ्याला बंदुकीची पूजा, बाकी वर्षभर तेलपाणी. एका सोमवारी, पेढीच्या सुट्टीच्या दिवशी, तो जिना उतरून खाली आला आणि म्हणाला, "दादा, हितं गोळ्या मारतात म्हंतात. मना मारायला मिलंल का?"

आम्ही खदाखदा हसलो. पण त्याला बसवला. त्याला माउस सुद्धा धरता येत नव्हता. दर सोमवारी यायचा, भोपळा घेऊन मरायचा आणि डोकं पुढे करायचा. आम्ही विशी-बाविशीतली पोरं त्या पिकल्या डोक्यात टपल्या हाणायचो आणि तो मान डोलवत म्हणायचा, "बराबर हाये. नवीन हाये मी." एवढ्या प्रेमाने सलामी घेणारा नवीन आम्ही पाहिला नव्हता. जाताना दर वेळी भिंतीपाशी थांबायचा, नावं वाचायचा. एकदा मला म्हणाला, "किसनच्या खाली जागा हाये. माझा नाव तेवढ्यात बसंल."

तो सोमवार मला तारखेसकट आठवतो, पण तारीख सांगत नाही. मी खेळता खेळता समोरच्या गाडीवर दालपकवान खायला गेलो. पाच मिनिटांत येतो म्हणून गेम तसाच ठेवला. एफ-नाइन बंद करायचं विसरलो. माझ्या मशीनवर कुणी बसायची टाप नव्हती. पण धोंडिबाचं नऊ नंबरचं मशीन अडकलं आणि किसनने मजेत त्याला म्हटलं, "जा, कर्दनकाळच्या खुर्चीत बस थोडा वेळ."

मी परत आलो तेव्हा सगळे चार नंबरच्या मशीनभोवती जमले होते. धोंडिबाने मुकेशला सलग पाच वेळा मारलं होतं. पाचही डोक्यात. मुकेश खुर्चीवरून उठून उभा होता, कानशिलं लाल. आणि धोंडिबा आनंदात नव्हता, घाबरलेला होता. माउसवरचा हात उचलून तो मोठ्याने म्हणत होता, "मी नाय मारला, दादा. ह्यो आपसुक वढतो. बघा ना, हात लावला का सोताच डोक्यावं जातो."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मशीन माझं होतं. मुकेश काही विचारणार, त्याचा ओठ हलला सुद्धा. मला आत्ताही तो ओठ दिसतो. मी दोन ढांगांत पुढे झालो आणि धोंडिबाच्या थोबाडीत ठेवून दिली.

"माझ्या मशीनवर बॉट टाकतोस? साल्या, नवीन असून बॉट टाकतोस?"

एवढंच पुरलं. ज्या माणसाला माउस धरता येत नाही तो बॉट कुठून आणणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. येऊ द्यायचं नव्हतं. मुकेशला त्या पाच गोळ्यांचा वचपा काढायचा होता. त्याने धोंडिबाची कॉलर धरून त्याला खुर्चीतून ओढला आणि पोटात गुडघा घातला. धोंडिबा वाकला. किसनने कीबोर्ड उपटून त्याच्या पाठीत हाणला, बटणं तडतड उडाली. मग सगळेच तुटून पडले. ज्या पोरांना आदल्या दिवशी आम्ही सलामी दिली होती, ती तर सगळ्यांत जोरात लाथा घालत होती. वरची मशीनं धडधडत होती, त्यामुळे आवाज बाहेर जायचा प्रश्न नव्हता. धोंडिबाने हात वर केला नाही. दोन्ही हात डोक्यावर धरून "बराबर हाये, बराबर हाये" म्हणत राहिला. मी थांबवू शकलो असतो. एक वाक्य लागलं असतं. मी उलट मागून त्याच्या कमरेत लाथ घातली. तो तोंडावर गेला आणि टेबलाचा लोखंडी कोपरा त्याच्या उजव्या डोळ्यात बसला.

तो आवाज गेममध्ये नाही. गेममध्ये डोकं फुटतं तेव्हा टिचकी वाजल्यासारखं वाजतं. हा ओला आवाज होता.

किसन आणि मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेला. माझ्या रुमालातून रक्त माझ्या मनगटावर येत होतं. डॉक्टरने विचारलं, काय झालं? मी श्वास धरून बसलो. धोंडिबा म्हणाला, "जिन्यावरून परलो." तो घाबरला असं मला वाटलं आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लपवत नाही. डोळ्याचा आतला पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याने आता दिसणार नाही.

मी कॅफेत परत जाऊन सगळ्यांसमोर चार नंबरचं मशीन 'साफ' केलं. बॉट पुसला असं सांगितलं. पेनड्राइव्ह खिशात होताच, तिसऱ्या दिवशी बॉट परत टाकला. पण एफ-नाइन दाबायला बोट उचललं की तो ओला आवाज यायचा.

वीस दिवसांनी दुपारी जिन्यावर बुटांचा आवाज आला. आम्ही मान वर केली. दारात धोंडिबा. अंगात खाकी, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, खांद्याला दुनळी.

बारा कॉम्प्युटरवर बारा बंदुका चालू होत्या, सगळ्या थांबल्या. एक पोरगं टेबलाखाली शिरलं. मुकेशने खुर्ची हळूच मागे सरकवली. किसन हात जोडत म्हणाला, "काका, काका, आमचं चुकलं." मला वाटलं, हा पहिला मलाच मारणार आणि मारलं तर योग्यच करणार.

धोंडिबाने बंदूक खांद्यावरून उतरवली आणि भिंतीला टेकून ठेवली.

"भरलेली नाय," तो म्हणाला. "आज शेवटचा दिवस. पेढीचा सेठ बोलला, एका डोल्याचा वॉचमन नको. उद्या पाड्यावं जातो." मग तो भिंतीकडे वळला, किसनच्या नावाखाली बोट ठेवलं आणि लाजत विचारलं, "येवरी मोठी सलामी कोनाला नसंल दिली. आता मी जुना ना, दादा?"

मला कळलं, तो डॉक्टरसमोर खोटं का बोलला. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही म्हणून. त्याने तो मार नवीनचा मार म्हणून घेतला होता. पण खरं बोलायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

मुकेश खाली बघत म्हणाला, "काका, लिहितो नाव. आत्ता लिहितो."

"तसा नको. तुमाला मारल्याबिगर कसा? कायदा हाये ना."

मी उठलो. "काका, इथे बसा. चार नंबरवर." त्याला खुर्चीत बसवला, माउस हातात दिला आणि त्याच्या खांद्यावरून हात घालून एफ-नाइन दाबलं. एक नाव भिंतीवर लिहिलं जाईल आणि त्याचा डोळा कुठेतरी फिटेल, असा माझा भिकारडा हिशेब होता.

गेम सुरू झाला. मुकेश मुद्दाम उघड्यावर येऊन उभा राहिला. धोंडिबाने एका डोळ्याने पडद्याकडे पाहिलं, बटण दाबलं. डोक्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. मुकेशने मार्करचं टोपण उघडलं आणि भिंतीवर 'धों' लिहिलं.

"थांबा," धोंडिबा म्हणाला. माउसवरचा हात त्याने उचलून मांडीवर ठेवला. "पुसा ते. मी नाय मारला. ह्यो परत आपसुक वढतो." मग माझ्याकडे वळून, अगदी समजावल्यासारखा म्हणाला, "दादा, तुमी हितला एक बटन दाबला ना, तवापासून."

मार्कर मुकेशच्या हातातच राहिला. त्याने आधी कीबोर्डकडे पाहिलं, मग चार नंबरच्या मशीनकडे, मग माझ्याकडे. चार महिने एकेक करून त्याच्या डोक्यात जुळत गेले. किसन उठला. ती नवीन पोरंही उठली.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धोंडिबाला तेवढाही वेळ कुणी दिला नव्हता.

मुकेशची पहिली थोबाडीत बसली तेव्हा कानात शिट्टी वाजली. दुसरी किसनची होती. मी खाली पडलो, लाथा सुरू झाल्या. मी हात वर केला नाही. आणि त्या सगळ्या गोंधळात धोंडिबा आडवा हात घालत, मला पाठीशी घ्यायला धडपडत, पोरांना जीव तोडून सांगत होता, "अरे, त्यांना कशाला मारता? ते तं जुने हायेत!"