पंचविसाव्या पानावरचा गोल

वाचनालयाच्या सभासदांना एक जुनी खोड असते. पुस्तक वाचून झालं की आपल्या ठरलेल्या पानावर बारीकशी खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. शांती नगरातल्या आपल्या वाचनालयात गुणवंतराव या खोडीवरून सभासदांना फैलावर घ्यायचे आणि स्वतः मात्र पंचविसाव्या पानाच्या आकड्याभोवती खुशाल पेन्सिलीने गोल काढायचे. एक कादंबरी, मग एक अभ्यासाचं जाडजूड पुस्तक, पुन्हा कादंबरी, असा त्यांचा क्रम. बायकोला म्हणायचे, "शैला, अगं एक तरी वाच." शैला चहा ठेवायला उठायची.

ते गेले त्याला वर्ष झालं. वाचनालय शैलाच कसंबसं चालवत होती.

एका दुपारी मोरवा गावचा नाथा, जुना सभासद, कादंबरी परत करायला आला. "वहिनी, ही गेल्याच महिन्यात आणलेली ना? मग यात शेठचा गोल कसा हाय?"

शैलाने पुस्तक घेऊन ते पान पाहिलं. नाथा गेल्यावर तिने नव्या पुस्तकांचं कपाट उघडलं. समाजशास्त्रात गोल. भुताच्या कथांत गोल. खाडीतल्या पक्ष्यांवरच्या प्रबंधातही गोल. कोपऱ्यातल्या त्यांच्या वेताच्या खुर्चीकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

पण माणूस भीतीलाही सरावतो. पुढे पुढे ती सकाळी कुलूप काढून आधी नवा गोल शोधायची, आणि तो दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मुलाला, स्वप्नीलला, यातलं काही सांगायची सोय नव्हती. त्याचा फोन आला तो वेगळ्याच कारणाने.

"आई, आता बस झालं ना. कॉलेजवाले शनिवारी टेम्पो घेऊन येतायत. सगळी पुस्तकं देऊन टाकू. नवीन काही मागवू नकोस."

शैलाने कपाट पाहिलं. बिनगोलाचं एकच पुस्तक उरलं होतं, मिठागरांच्या इतिहासाचं. तेही वाचून झालं की हे कायमचे जाणार, हे तिला लख्ख कळलं आणि तिला रडू कोसळलं. मग तिने डोळे पुसले, ते पुस्तक पिशवीत टाकलं आणि घरी आणलं. पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असेल तर ते परत येईपर्यंत थांबायचं, हा नियम खुद्द गुणवंतरावांचाच होता.

शनिवारी टेम्पो आला, कपाटं रिकामी झाली, वेताची खुर्चीही गेली.

आता शैला रोज दुपारी घरच्या सोफ्यावर ते पुस्तक उघडते. शेजारची गादी हळूच दबते. ती चोविसाव्या पानापर्यंत येते, थांबते, आणि पुन्हा पहिलं पान काढते.

"अहो, जरा थांबा," ती म्हणते. "माझं अजून झालेलं नाही."