न दिलेल्या गोळ्यांची वही

छत्रीकाकांच्या कंपवाताच्या गोळ्या औषधाच्या खिडकीमागे दोन हातांवर, काचेच्या कुलूपबंद कपाटात होत्या. सैनिकी दवाखान्याने दिलेली बाटली, वर त्यांचं नाव ठळक. तरी वृद्धाश्रमात आल्यापासून तीन दिवस एकही गोळी पोटात गेली नव्हती.

कारण काय, तर इथल्या नियमाने औषध ठरलेल्या दुकानदाराच्या सीलबंद पाकिटातूनच यायला हवं. दुकानदार म्हणे, माजी सैनिकांना दवाखाना फुकट देतो, मी का देऊ? दवाखाना म्हणे, आम्ही बाटलीच देतो. या टोलवाटोलवीत काकांचे हात थरथरू लागले आणि पाय जमिनीला खिळू लागले. आज त्यांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागली. उद्या उठताच आलं नाही तर? काकांना भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून भयंकर राग आला.

सव्वीस वर्षं त्यांनी सैन्यात पॅराशूटच्या घड्या घातल्या होत्या. म्हणून तर छत्रीकाका. तिथली रीत साधी होती. ज्याने घडी घातली त्याने वहीत सही करायची, आणि साहेबांनी सांगितलं की त्यांतलंच एक पाठीला बांधून स्वतः उडी मारायची. हयगय करायची कुणाची टाप नव्हती.

दुपारी काकांनी चाकांची खुर्ची औषधाच्या खिडकीशी आणवली आणि वही उघडून ठेवली. वेड्यावाकड्या अक्षरात दहा ओळी होत्या: ‘गोळी दिली नाही. कारण बाटली.’ प्रत्येकीपुढे सहीची जागा कोरी.

मॅनेजर धावत आले. “काका, हे काय मांडलंय?”

“दहा गोळ्या चुकल्या. दहा सह्या करा, मी मुकाट खोलीत जातो.”

“नियम मी केलेला नाही हो.”

“मग ज्याने केला त्याला बोलवा. मी बसलोय.”

“उद्या वरच्या ऑफिसला कळवतो.”

“उद्या मी उठेन, अशी सही देता?”

मॅनेजरांनी खिशातून पेन काढलं, वहीकडे पाहिलं आणि पेन परत खिशात ठेवलं. “अशी सही मला करता येणार नाही.”

“अंगाशी येईल, नाही का?” काका म्हणाले. “आणि माझ्या अंगाचं काय?”

खिडकीमागची सिस्टर तीन दिवस ‘मी तरी काय करू, काका’ एवढंच म्हणत होती. तिने वही ओढली, अकरावी ओळ लिहिली, ‘दुपारची गोळी दिली’, आणि पुढे पूर्ण नावाने सही ठोकली. मग कपाटाची किल्ली फिरवली.

“सिस्टर, नोकरीला मुकाल!”

“सही वाचता येतेय ना, सर? मग तीच पाठवा वर.”

तिने गोळी काकांच्या जिभेवर ठेवली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. काकांनी तोंड पुसलं, पेन मुठीत धरलं आणि तिच्या सहीखाली ‘घेतली’ असं लिहून आपलीही सही केली. त्याला बराच वेळ लागला. मॅनेजर तोवर उभेच होते.

“आता बोलवा ऑफिसला,” काका म्हणाले. “ही एकटी नाही.”